ऑर्डर : एक नग

अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये कागद आला.
भिंतीवर टांगायचा चेहरा, तीन फूट बाय चार, एकच नग.
अमेरिकेतल्या एक बाई, मार्था क्विंबी,
बावीस वर्षं खासदार, गेल्या मार्चात वारल्या.
ऑर्डर देणारी भद्रावती पेठेतल्या चिलवेरी मास्तरांची नात,
बाईंच्या कार्यालयात टपाल फोडायची.
"काका, दिवाळीच्या आत.
आणि हनुवटीवरची चामखीळ काढू नका,
त्यांनी कधी काढू दिली नाही."

मी पुठ्ठे पाडतो. चाळीस वर्षं झाली.
ग्राफवर चौकोन रंगवायचे,
रंगलेल्याला भोक, रिकाम्याला काही नाही.
भोक असलं की दोरा उठतो,
नसलं की बसून राहतो.
नात म्हणाली, त्यांच्या सभागृहात असंच असतं,
हो नाहीतर नाही. बाईंनी अकरा हजार वेळा सांगितलं.
म्हटलं, माझी तेवढी भोकं एका आठवड्याची.
हसली. मग उगाच वाईट वाटलं मला.

वरून खाली उतरत गेलो, फोनही येत गेले.
कपाळाच्या वेळी कळलं,
बाप गिरणीच्या रंगखात्यात, नखं जन्मभर निळी.
डोळ्यांनी नऊ दिवस खाल्ले,
तेवढ्यात बाई दोन निवडणुका हरल्या
आणि तिसरी एकेचाळीस मतांनी आल्या.
मोजणी तीनदा झाली,
नवरा मोटारीतच झोपला होता, त्याला उठवून सांगितलं.
नाक आमच्या रुक्मव्वावर गेलं, विडी घरकुलातल्या.
गालाला दुसरा रंग नव्हता :
देव, पुढारी, सत्काराचे शेठजी,
सगळ्यांना भरतो तोच गुलाबी बाणा.
चामखिळीला एक भोक पुरलं.

मग नातीनं एक जुनं भाषण पाठवलं,
स्वतःच मराठी करून, चुका तशाच ठेवून.
बाई उभ्या राहिल्या, पिशवीतून टॉवेल काढला,
"हा बाहेरून येतो. माझ्या गावात
अकराशे बायका टॉवेलाच्या घड्या घालतात.
मी हो म्हणते. जकात वाढवा."
टॉवेल कुठला, ते भाषणात नाही.
त्या साली आमच्या दोन ऑर्डरी फिरल्या,
बोल्ली शेठनं बारा माग भंगारात घातले,
माझा थोरला भाऊ पुण्याला वॉचमन झाला.
बाईंमुळंच, असं म्हणवत नाही.
विधेयक म्हणे पुढं कुठंतरी अडकलं.
गिरणी त्यांचीही बंद पडली.
तिथं आता म्हाताऱ्यांचे फ्लॅट आहेत,
बाई शेवटी त्यातच राहायच्या, तिसऱ्या मजल्यावर,
म्हणायच्या, इथं माझा बाप उभा असायचा.

त्या रात्री पंचिंगला बसलो नाही.
कन्ना चौकात चहा घेतला, दोनदा.
किती सोपं होतं :
ओठांच्या कोपऱ्यातली चार भोकं बुजवली असती
तर बाई कायमच्या आंबट झाल्या असत्या,
कुणाला कळलंही नसतं.

हात शेवटी आला.
फोटोत हातात कागदांची गुंडाळी आहे.
मी तिथं टॉवेल घातला,
तीन पट्ट्यांच्या किनारीचा, तेव्हा आम्ही विणायचो तो.
पुठ्ठे तेवढेच, भोकं दोनशे जास्त.
का, ते नीट सांगता येणार नाही.
अकराशे बायका घड्या घालतात,
हे कुणीतरी मोठ्यानं बोललं होतं.
आमच्याकडच्या तर कुणी मोजल्याही नव्हत्या.

काल नमुन्याचा फोटो पाठवला.
नातीचा उलट निरोप :
"काका, चेहरा हुबेहूब. हातात काय आहे?"

दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं.
माग चालूच आहे. भोक येतं, दोरा उठतो.